चौदा दगड, पंधरा कबरी

"चौदा," प्रुइट म्हणाला आणि त्यानं पेन्सिल कानावर खोचली.

"पंधरा," मथिल्ड आत्या म्हणाली.

ऑटो हासेलबाखनं तोंडातला पाइप काढला आणि परत तोंडात घातला. धरणाच्या कचेरीतून आलेला हा पंचविशीतला मोजणीदार दोन तास त्यांच्या दफनभूमीत हिंडत होता. त्याचे नवेकोरे तपकिरी बूट चुनखडीच्या धुळीनं पांढरे झाले होते. नदीवर आठ मैल खाली भिंत चढत होती. पुढच्या वसंतात पाणी कोठाराच्या छपरापर्यंत येणार, हे हासेलबाखांनी आता पचवलं होतं. मक्याची शेतं जाणार, पीचची बाग जाणार, आजोबा कोनराड जर्मनीहून आल्यावर त्यांनी स्वतःच्या हातांनी उभं केलेलं दगडी घर जाणार. प्रश्न उरला होता तो घरामागच्या ओकच्या झाडांखालच्या चार गुंठ्यांचा आणि तिथं झोपलेल्या माणसांचा.

"आत्या, तो दगड मोजतोय," ऑटो म्हणाला.

"मी माणसं मोजतेय."

शहात्तर वर्षांची म्हातारी काठी टेकत कुंपणाच्या पूर्वेकडच्या कोपऱ्यात गेली. तिथं दगड नव्हता. नदीतल्या गोट्यांचं एक रिंगण होतं, अर्धं मातीत गेलेलं. तिनं त्याच्या मधोमध काठीचं टोक टेकवलं.

प्रुइट आदबीनं जवळ गेला. "मॅडम, एका कबरीला एक अर्ज. नाव, आडनाव, साल आणि जवळच्या नातेवाइकाची सही. अर्ज आहे ती कबर आम्ही हलवणार."

"आणि अर्ज नाही ती?"

"ती जागेवरच राहील."

"पाण्याखाली."

प्रुइटनं मान खाली घातली. "हो, मॅडम."

"मग लिहा. रेफुहिया."

"आडनाव?"

"ठाऊक नाही."

"तुमचं त्यांच्याशी नातं?"

"मी तिची मुलगी."

ऑटो दोन ढांगांत तिथं पोचला. त्यानं प्रुइटच्या पाठीवर हात ठेवला आणि त्याला फाटकाकडे वळवलं. आत्याचं वय झालंय, ऊन फार आहे, पुढच्या रविवारी या, तोवर आम्ही घरात बोलून घेतो, असं इंग्रजीत भराभर सांगितलं.

मागून आत्या जर्मनमध्ये खणखणीत आवाजात म्हणाली, "माझं डोकं शाबूत आहे. आणि त्याला सांग, बुटांना चरबी लाव, नाही तर पावसाळ्याआधी तडकतील."

"काय म्हणाल्या?" प्रुइटनं विचारलं.

"बूट छान आहेत म्हणाली," ऑटो म्हणाला.

*

हेर्टाला शहरातून यायला उशीर झाला होता. ऑटोची ही धाकटी बहीण शाळेत शिकवायची आणि दर रविवारी बसनं मळ्यावर यायची. ती दारात आली तेव्हा टेबलावर आलुबुखाराचा केक तसाच होता, कोणी सुरी लावली नव्हती. ऑटो खिडकीशी उभा होता. आत्या खुर्चीत ताठ बसली होती. ऑटोची बायको लीना कपबशा मांडत होती, नेहमीसारखी, आवाज न करता. बावीस वर्षांत लीनाचा आवाज या घरात कोणी वर चढलेला ऐकला नव्हता.

"कोण मेलं?" हेर्टानं टोपी काढत विचारलं.

"साठएक वर्षांपूर्वी मेलेली एक बाई," ऑटो म्हणाला. "आत्या आज तिची मुलगी झाली. सरकारी माणसापुढं."

"चौसष्ट," आत्या म्हणाली.

हेर्टाला रेफुहिया हे नाव कानावरून गेलेलं होतं. लहानपणी, पदार्थाचं नाव असावं तसं. आत्या मक्याची पातळ भाकरी करायची तिला ती 'रेफुहियाची' म्हणायची. त्यापलीकडे काही नाही.

"नीट सांग, आत्या," ती म्हणाली आणि शेजारी बसली.

"मला जन्म देताना माझी आई गेली, हे तुम्हाला माहीत आहे. तिचा दगड पहिल्या ओळीत आहे. अठराशे बासष्ट साल. दुष्काळ, त्यात यादवी युद्ध. शेजारी कोणाकडे दुभती गाय नाही. मी दोन दिवसांची होते. वडिलांनी मला पिठाच्या टोपलीत घातलं आणि घोड्यावरून नदीच्या खालच्या अंगाला गेले. तिथं एका मेक्सिकन गाडीवानाची बायको बाळंत झालेली आहे, असं त्यांना कोणी तरी सांगितलं होतं. गाडीवान कापूस घेऊन सरहद्दीकडे गेला तो परतलाच नाही. वडील तिला आणि तिच्या बाळाला घेऊन इथं आले. तिनं मला पाजलं. बारा वर्षं मला वाढवलं. तुमची आजी या घरात आली तेव्हा मी चार वर्षांची होते आणि मला जर्मनपेक्षा स्पॅनिश चांगलं येत होतं."

"म्हणजे दूधआई," हेर्टा म्हणाली. "मग तसं लिही. मुलगी कशाला लिहायचं?"

"त्या अर्जात दूधआईला जागा नाही. नातेवाईक पाहिजे."

ऑटो वळला. "ठीक आहे, चांगली बाई होती. पण लोक कसा हिशेब करतील ते सांगू? कोनराड हासेलबाखची बायको गेली. घरात एक तरणी मेक्सिकन बाई, कडेवर मूल. मूल कुणाचं? आणि ती बाई आपल्याच दफनभूमीत कशाला? मी चर्चच्या मंडळावर आहे, आत्या. चौदा जागा मी शब्द टाकून मिळवल्यात, चर्चच्या मागं, भिंतीलगत. पंधरावी मागायला गेलो की पहिला प्रश्न हाच येईल."

"मूल मी जन्मायच्या आधीचं. वडिलांनी तोवर तिला पाहिलंही नव्हतं."

"मला पटलं. त्यांना कोण पटवणार? आणि ती सगळ्यांना एवढी प्रिय होती तर आजोबांनी दगड का नाही लावला?"

आत्यानं त्याच्याकडे बघितलं. "हा प्रश्न तू विचारलास ते बरं झालं. वडिलांनी दगड आणला होता. शहरातून, बैलगाडीनं. तुझी आजी ओट्यावर उभी राहिली आणि म्हणाली, तो दगड लागला तर मला या मळ्यात पुरू नका. वडिलांनी दगड कोठाराच्या पायरीला लावला."

ऑटोचा चेहरा लाल झाला. ही आजी त्याला साखरेचे खडे द्यायची. घोड्यावर बसायला तिनंच शिकवलं होतं. "ती आता उत्तर द्यायला नाही."

"नाही. आणि माझी सावत्र आई वाईट होती असं मी म्हणत नाही. तरणी होती, परक्या घरात आली होती, आणि घरातली लेक दुसऱ्याच बाईला आई म्हणत होती. मी तिच्या जागी असते तर कदाचित तेच केलं असतं. पण तेव्हा मी बारा वर्षांची होते आणि गप्प बसले. नंतर बेचाळिसाची झाले, साठाची झाले, तरी गप्प. रिंगणाचे गोटे तेवढे सरळ करत राहिले."

"का गं?" हेर्टानं हळूच विचारलं.

आत्यानं केकच्या ताटलीची कड बोटानं पुसली.

"त्या खड्ड्यात ती एकटी नाही. तिचं बाळही आहे. मी आले आणि पाचव्या आठवड्यात ते गेलं. अकरा वर्षांची असताना मी तिला विचारलं, तुझं बाळ कशानं गेलं? ती कणसं सोलत होती. तिनं हात थांबवले नाहीत. म्हणाली, दुष्काळ होता, मलाच पोटभर मिळत नव्हतं, दूध दोघांपुरतं नव्हतं. आणि तू जास्त रडायचीस."

बाहेर शेळ्यांच्या गळ्यातली घंटा वाजत होती.

"एवढंच म्हणाली. रागावून नाही. मग मला म्हणाली, ते दाणे उचल, कोंबड्या खातील." आत्या ऑटोकडे वळली. "आता पाणी येणार आहे, ऑटो. तुझ्या आजीला, माझ्या आईला, सगळ्यांना उचलून कोरड्या जागी न्यायचं आणि त्या दोघांना बुडवायचं. मलाही नंतर तिथंच, चर्चच्या भिंतीला, न्यायचं म्हणत असशील ना? नको. मला इथंच पूर आणि वर पाणी येऊ दे."

"आत्या, असलं काही बोलू नकोस."

"मी बोलत नाहीये. सांगतेय."

ऑटो हताश होऊन खुर्चीत बसला. "बरं, समजा मी मंडळापुढं गेलो. मार खाल्ला. तरी तुझी सही चालणार नाही. आडनाव नाही, नातं खोटं. प्रुइट बिचारा काय करणार?"

"आडनाव सोलिस," लीना म्हणाली.

तिघांनी एकदम तिच्याकडे पाहिलं. ती कॉफीचं भांडं हातात धरून उभी होती.

"अन्सेल्मो सोलिस," ती म्हणाली. "आपल्याकडे दर वसंतात लोकरीच्या शेळ्या कातरायला येतो तो. संध्याकाळी त्याची माणसं नदीवर आंघोळीला जातात तेव्हा तो त्या कोपऱ्याशी थांबतो. टोपी काढतो. मी बावीस वर्षं स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघतेय."

"आणि मला कधी सांगितलं नाहीस?" ऑटो म्हणाला.

"तू कधी विचारलं नाहीस. मलाही वाटलं, त्याचं त्याला असू दे." तिनं भांडं खाली ठेवलं. "आणि मंडळाकडे जायचं कारण नाही. वरची कड्यावरची चाळीस एकर माझ्या बापानं माझ्या नावावर केली आहेत. पाणी तिथवर येत नाही, मी प्रुइटला विचारलं. खासगी जमिनीत नवी दफनभूमी करता येते, मालकाची सही पाहिजे. मालक मी आहे."

"तू त्याला विचारलंस? कधी?"

"तो बूट पुसत होता तेव्हा. चरबीची डबी मी दिली."

आत्या हसली. हसता हसता तिनं डोळे पुसले. हेर्टानं सुरी उचलली आणि केक कापला, कारण काही तरी करायला हवं होतं.

ऑटोनं मात्र केक घेतला नाही. "कड्यावर खडक आहे," तो म्हणाला. "सुरुंग लावावा लागेल."

"मग लाव," लीना म्हणाली.

*

अन्सेल्मो सोलिसचं घर रेल्वेपलीकडच्या वस्तीत होतं. ऑटो तिथं कधी गेला नव्हता. बावीस वर्षं हा माणूस त्याच्या आवारात जेवला होता, त्याच्या कोठारात झोपला होता. ऑटोला त्याच्या कात्रीचा आवाज ओळखता आला असता, पण घर माहीत नव्हतं. हेर्टानं रस्ता दाखवला. तिच्या वर्गात त्याची नात होती.

अन्सेल्मो अंगणात खुर्ची विणत बसला होता. त्रेसष्ट वर्षांचा, बुटका, हाताची बोटं लोकरीच्या तेलानं मऊ झालेली. ऑटोला पाहून तो उठला. "मालक? शेळ्यांना काही झालं?"

"शेळ्या ठीक आहेत." ऑटोनं टोपी हातात घेतली. वाटेत जुळवलेलं एकही वाक्य त्याला आठवेना. "अन्सेल्मो, माझ्या आवारात, त्या कोपऱ्यात... तुझं कोण आहे?"

अन्सेल्मोनं दुसरी खुर्ची पुढं सरकवली.

"माझी आत्या," तो म्हणाला. "बापाची थोरली बहीण. बाप आम्हाला दाखवायला आणायचा, लांबून. नदीपलीकडून."

"आत का नाही आलात?"

"जमीन तुमची."

"बावीस वर्षं तू माझ्याकडे येतोस. एका शब्दानं बोलला नाहीस?"

"काय बोलायचं, मालक? माझं माणूस तुमच्या कुंपणात आहे, असं? तुम्ही म्हणाला असता, मग घेऊन जा." तो थोडा हसला. "कामही गेलं असतं. आणि तिकडं ती बरी होती. झाड होतं, सावली होती. कोणी तरी गोटे सरळ करायचं. मी बायकोला म्हणायचो, या घरात एखादं माणूस तरी आहे."

ऑटोनं धरणाचं सांगितलं, अर्जाचं सांगितलं. पण अन्सेल्मोला धरणाचं माहीत होतं. त्याचा मुलगा तिथंच सिमेंट कालवत होता.

"मग तू काय करणार होतास?" ऑटोनं विचारलं.

"शेवटच्या आठवड्यात येऊन विचारणार होतो. बायको रोज म्हणते, आज जा. मी म्हणतो, उद्या." त्यानं मान हलवली. "तिला आमच्या दफनभूमीत आणायचं मनात होतं."

हेर्टानं ऑटोकडे पाहिलं. हा विचार त्यांच्यापैकी कोणाच्याच डोक्यात आला नव्हता. मथिल्ड आत्याच्या सुद्धा.

"तो हक्क तुझा आहे," ऑटो म्हणाला. असं म्हणताना आपल्यालाच वाईट वाटतंय, याचं त्याला आश्चर्य वाटलं. थोड्याच दिवसांपूर्वी त्याला हेच हवं झालं असतं. "न्यायचं असेल तर मी गाडी देतो. पण माझी आत्या म्हातारी आहे. तिचं एकदा ऐकून घे."

"ती रडकी?" अन्सेल्मो म्हणाला. "आमच्या घरात तिचं नाव तेच आहे. बाप सांगायचा, माझी बहीण म्हणायची, त्या रडकीला सोडून मी कुठं जाऊ?"

*

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात कड्यावरचा खडक फुटला. ऑटोनं आणि अन्सेल्मोच्या मुलानं मिळून तो फोडला. आधीच्या रविवारी अन्सेल्मो येऊन आत्याशी तासभर स्पॅनिशमध्ये बोलला होता. काय बोलणं झालं ते दोघांनी कोणाला सांगितलं नाही. उठताना अन्सेल्मो एवढंच म्हणाला होता, "बारा वर्षं ती हिच्यासाठी राहिली. आता हिच्याजवळच राहू दे. पण नोव्हेंबरात, आमच्या मृतांच्या सणाला, आम्ही झेंडूची फुलं घेऊन येणार, सगळं गोत. फाटकाला कुलूप नको."

"फाटक करणारच नाही," लीना म्हणाली होती.

अर्जावर सहीसाठी एकच ओळ होती. अन्सेल्मोनं तिथं सावकाश सही केली. मग प्रुइटनं खिशातून पट्टी काढून खाली दुसरी ओळ आखली आणि कागद मथिल्डपुढं सरकवला. त्याच्या वरिष्ठांनी त्याबद्दल पुढं त्याला काय ऐकवलं असेल ते असो.

हलवायच्या दिवशी थंडी कोरडी होती. पाद्रीबुवा आले, त्यांनी चौदा जणांसाठी प्रार्थना म्हटली. पंधराव्या कबरीशी ते थोडे घुटमळले. मग अन्सेल्मोच्या बायकोनं जपमाळ काढली, तेव्हा टोपी काढून मागं उभे राहिले. खणणाऱ्यांनी रिंगणाचे गोटे एकेक करून बाजूला ठेवले. मथिल्ड खुर्चीवर बसून बघत होती. आपण घाबरू असं तिला वाटलं होतं, पण भीती वाटली नाही. माती तांबूस आणि स्वच्छ होती.

दोन पेट्या वर आल्या, एक मोठी, एक अगदी लहान. मोठी मजुरांनी गाडीवर चढवली. लहान पेटीकडे एक मजूर वाकला, तेव्हा ऑटो म्हणाला, "थांब." त्यानं ती स्वतः उचलली. गाडीत मागं न ठेवता मांडीवर घेऊन बसला. हेर्टानं गाडी चालवली. कड्यापर्यंतचा रस्ता दगडांचा होता, आणि प्रत्येक खड्ड्याला ऑटो म्हणत होता, "हळू, हेर्टा. हळू."

संध्याकाळी उन्हं कलायच्या आत सगळं झालं. कड्यावरून सबंध खोरं दिसत होतं: घर, कोठार, बाग, आणि मधून वाहणारी नदी. चौदा दगड जुन्या ओळींत लागले होते. कोनराड हासेलबाखच्या एका बाजूला त्याची पहिली बायको, दुसऱ्या बाजूला दुसरी. आणि पहिलीच्या शेजारी, मथिल्डसाठी एक जागा सोडून, रेफुहियाची नवी माती. लीनानं पिंपातून गरम कॉफी वाटली. अन्सेल्मोच्या सुनांनी मक्याच्या भाकऱ्या आणल्या होत्या. मथिल्डनं एक तोंडात घातली आणि म्हणाली, "मीठ कमी आहे. ती जास्त घालायची."

"आमची आजी पण हेच म्हणायची," एक सून म्हणाली, आणि बायका हसल्या.

ऑटो कोठाराच्या पायरीचा दगड उखडून घेऊन आला होता. उलटा केल्यावर खालची बाजू अजून गुळगुळीत होती, कोरण्यासाठी तयार. त्यानं खिशातून कागद काढला. "पाथरवट मंगळवारी येणार. त्याला लिहून द्यायचंय. रेफुहिया सोलिस, अठराशे चव्वेचाळीस ते चौऱ्याहत्तर. बरोबर?"

"बरोबर," अन्सेल्मो म्हणाला.

"आणि खाली काय लिहू? तिचं बाळ?"

"तेओफीलो."

मथिल्डनं मान वर केली. "काय?"

"बाळ. तेओफीलो त्याचं नाव. बापानं आम्हाला पाठ करून घेतलं होतं. तुम्हाला माहीत नव्हतं?"

"तिनं कधीच सांगितलं नाही. 'माझा लहाना' म्हणायची." मथिल्डनं हातातला कप हेर्टाकडे दिला. "तेओफिलो."

"तेओफीलो," अन्सेल्मोनं सुधारलं. "मधलं अक्षर लांबवायचं."

"तेओफीलो." तिनं ते पुन्हा म्हटलं, आणि पुन्हा एकदा. "माझ्याहून केवढा होता तो?"

"तीन आठवड्यांनी मोठा."

म्हातारी नव्या मातीकडे बघत बसली. वारा आला, तिच्या शालीचं टोक उडालं, लीनानं ते सारखं केलं.

"म्हणजे मला थोरला भाऊ आहे," मथिल्ड म्हणाली.

ऑटो गुडघ्यावर कागद ठेवून खाली बसला. पेन्सिलीला थुंकी लावली. "अन्सेल्मो," तो म्हणाला, "एकेक अक्षर सांग. सावकाश. मला चूक करायची नाही."